बुधरी आली की कॉम्प्युटर अडतो

महाराजांनी कॉम्प्युटरला दूध पाजायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. डब्ब्याला हळदीकुंकू, पडद्याला झेंडूचा हार, की-बोर्डवर अक्षता, सगळं झालं होतं. मळणी अर्धवट टाकून निम्मा पळसटोला बापूजी लेनगुरेंच्या ओसरीवर बसला होता आणि उरलेला निम्मा अंगणात टाचा उंचावून उभा होता.

"याले रॅम काऊन म्हणतात, सांगा," रामाजी महाराजांनी विचारलं. "याच्यात राम हाये म्हणून. इंग्रजायले उच्चार जमला नाई."

लोकांनी माना डोलावल्या. एक म्हातारी तर पाया पडली.

सकाळपासून तो कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकवत बसला होता. पुढे काही हलत नव्हता. महाराजांनी डब्ब्याच्या मागे हात घातला, लाल दोरा बांधलेला पेन ड्राइव्ह उपसला, कपाळाला लावला आणि राळेच्या धुरावरून तीनदा फिरवला. मग तो मुठीत धरून डोळे मिटले. "ओम रीस्टार्टाय नमः. दाब वो पोरी बटन."

बापूजींच्या सुनेनं, साधनानं, बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. लोकांनी जयजयकार केला आणि त्या गडबडीत महाराजांनी पेन ड्राइव्ह होता तिथे परत खोचला.

"पन महाराज, दुपारी तो अडते न," बापूजी हात जोडून म्हणाले. "रोज दुपारी. बाण बी हलत नाई."

"दुपारी तुमच्या घरी कोन येते?"

सगळ्या माना अंगणाच्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथे बुधरी बसली होती, मांडीवर सूप घेऊन. साठीची विधवा बाई. धान निघालं की बापूजींकडे रोज दुपारी पाखडायला यायची, इतकी वर्षं.

"मी का केलो जी," ती म्हणाली. "मी त त्या डब्ब्याले हात बी नाई लावलो."

"करनीले हात लागत नाई, नजर लागते," महाराज म्हणाले. "चार वाजता सारे इथीच बसा. हिनं सगळ्यायसमोर कबूल करावं आन इथूनच गावाची शीव ओलांडावी. नाई गेली, त गावात काय होईल ते मी सांगत नाई."

आणि ते आत जेवायला गेले. कोंबडा शिजला होता.

मी सगळ्यांच्या मागे बैलगाडीला टेकून उभी होते. माझं नाव नाहीद. मूल या तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आदल्या दिवशी साधनाचा फोन आला होता. "नाहीदबाई, कॉम्प्युटरचं मंग पाहू. अगोदर एक बाई वाचवा. रामाजी महाराज बुधरीचं नाव घेऊन राह्यले, उद्या सगळ्यायसमोर गावाबाहेर काढतीन."

आता कोणी म्हणेल, व्वा, काय समाजसेवा. कसली समाजसेवा? साधनानं महाराजाचं नाव घेतलं नसतं, तर मी फोनवर चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून मोकळी झाले असते. नाव ऐकलं आणि दुकानाचं शटर ओढलं.

चौदा वर्षांपूर्वी हा रामाजी 'सर्पसिद्ध' होता. माझा धाकटा भाऊ अनस एकोणीस वर्षांचा होता. घरामागच्या लाकडांत हात घातला आणि मण्यार चावली. अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, तारा जोडणारे, डोकं असलेले गृहस्थ. पण पोराच्या पापण्या जड व्हायला लागल्या की बापाचं डोकं चालत नाही. कोणी तरी म्हणालं रामाजी, आणि अब्बांनी अनसला स्वतः उचलून तिथे नेलं. रामाजीनं दोरा बांधला आणि म्हणाला, "दोन तास द्या मले. इख उतरते." दोन तासांनी आम्ही अनसला घेऊन दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. विषावरची सुई त्यांच्याकडे होती, पण तिला आता काही करता येणार नव्हतं. अब्बा त्यानंतर सहा वर्षं जगले आणि सहा वर्षं स्वतःलाच शिव्या देत राहिले.

म्हणून सांगते, मी पळसटोल्याला सूड घ्यायला गेले होते. बुधरी वाचावी असं वाटत होतंच, पण आधी मला तो माणूस हवा होता.

महाराज आत हाडं चोखत होते तोवर साधनानं मला मागच्या दारानं कॉम्प्युटरच्या खोलीत घेतलं आणि ओसरीवर उघडणारं पुढचं दार ओढून घेतलं. एका बाजूला धानाची कणगी, दुसऱ्या बाजूला खिडकीखाली टेबल आणि त्यावर जुना कॉम्प्युटर.

मी तो बंद करून पुन्हा सुरू केला. काळा पडदा, पांढरी रेघ. लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह काढून सुरू केला. चालू. परत लावला. काळा पडदा. तिसऱ्या वेळी मला हसू आलं आणि हसता हसता रागही आला. इतक्या स्वस्तातली विद्या, आणि तिच्यापायी एक बाई घराला मुकणार होती.

"हा पेन ड्राइव्ह कधी लावला?"

"पयल्या दिवशी," साधना म्हणाली. "तवा सुरू व्हाले खूप टाइम लागे, पन होये. महाराज अर्धा तास खोली बंद करून बसले. शुद्धीकरन म्हने. तवापासून त्यायच्याशिवाय सुरूच होत नाई."

मी आतल्या सेटिंगमध्ये गेले. शुद्धीकरण सापडलं. सुरू होताना सगळ्यात आधी पेन ड्राइव्हमध्ये पाहा, असं त्या मशीनला सांगून ठेवलं होतं. पेन ड्राइव्हमध्ये सुरू होण्यासारखं काही नव्हतं, फक्त महाराजांचे फोटो. ते जुनं मशीन बिचारं तिथेच अडकून बसायचं. महाराज आले, पेन ड्राइव्ह काढला, की सुटायचं.

"आणि दुपारचं काय?" मी विचारलं.

साधनानं मान खाली घातली. "ते मातर खरं हाये बाई. बुधरी येते आन हा अडते. मी सोता पाह्यलं, सोळा-सतरा डाव."

खरं असेल तर कारणही खरंच असणार. मी बुधरीला बाहेर, खिडकीखाली नेहमीच्या जागी बसवलं. "बाई, रोजच्यासारखं पाखडा." साधनाला म्हटलं, "तू रोजच्यासारखं काम कर. मला दाखवायला काही वेगळं करू नको."

सूप हलायला लागलं. कोंड्याचा बारीक धुरळा खिडकीतून आत यायला लागला. साधनानं टाइप करता करता डावा हात लांब केला, खुंटीवरची जाड लोकरी शाल ओढली आणि डब्ब्यावर टाकली. ती बापूजींच्या सत्काराची शाल होती, गाव तंटामुक्त केल्याबद्दल मिळालेली. तिनं टाइप करणं थांबवलंसुद्धा नाही.

मी घड्याळ पाहिलं. डब्ब्यातला पंखा घरघरायला लागला. बारा मिनिटांनी पडद्यावरचा बाण थिजला.

"पाह्यलं न?" साधना हळूच म्हणाली.

"शालीखाली हात घाल."

तिनं हात घातला आणि चटकन मागे घेतला. डब्बा तव्यासारखा तापला होता. मी बाजूचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर कोंड्याचा बोटभर थर बसला होता, वरून राळेच्या धुराची चिकटण. एवढं गुदमरलेलं मशीन, त्याच्यावर लोकरी शाल. ते तापायचं आणि अडायचं. बुधरी आली की धूळ, धूळ आली की शाल, आणि शाल टाकणारा हात कोणाचा, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

साधना आपल्या हाताकडे पाहत राहिली. "म्हंजे मीच. आन आम्ही तिचं नाव घेऊन राह्यलो."

तिनं झाडायला ब्रश मागितला. मी दिला नाही. वैरी आयता समोर आलेला असताना साफसफाई कोण करतं? उलट मी पेन ड्राइव्ह जागच्या जागी लावला, झाकण बसवलं, मशीन बंद केलं आणि पोलीस ठाण्यात फोन केला.

चार वाजता महाराज ढेकर देत ओसरीवर आले. बुधरीला मध्ये बसवलेलं होतं. मी पुढे झाले.

"महाराज, मी मूलची कॉम्प्युटरवाली. तुमचा चमत्कार मागून नीट दिसला नाही. परत एकदा दाखवा."

ते खूश झाले, खोलीत जाऊन कॉम्प्युटरपुढे बसले आणि त्यांचा हात डब्ब्यामागे गेला.

"पेन ड्राइव्हला हात नाही लावायचा," मी म्हटलं. "तो सिद्ध आहे ना? मग राहू द्या आतच. नुसता मंत्र म्हणा."

"तसं नाई होत. त्याले अगोदर चार्ज करा लागते."

"दुपारीच केला होता. एवढ्यात उतरला?"

मागे कोणी तरी फिसकन हसलं. महाराजांनी मंत्र सुरू केला. माउसदेवता झाली, की-बोर्डवासिनी झाली, कनेक्शनेश्वर झाला. साधनानं बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी रेघ. परत मंत्र, परत तेच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. महाराजांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळायला लागलं.

"टाइम लागते," ते म्हणाले.

"घ्या ना. दोन तास घ्या. माझ्या भावाला मण्यार चावली तेव्हा तुम्ही दोन तासच मागितले होते. आम्ही दिले."

महाराजांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "कोनता भाऊ?"

त्याला आठवतही नव्हतं. अंगाची लाही लाही होते म्हणतात ती काय, ते मला त्या वेळी कळलं. असे किती अनस याच्या हातून गेले असतील, म्हणून त्यातला एक लक्षात राहत नव्हता? मी त्याला तिथेच बसवून ठेवलं. पाणी मागितलं तेव्हा दिलं, उठायला लागला तेव्हा दारात उभी राहिले. पाऊण तास तो त्या काळ्या पडद्यापुढे पुटपुटत राहिला आणि सगळं गाव ते पाहत राहिलं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग मी म्हटलं, "बुधरीबाई, इकडे या. मागचा तो लाल दोरा ओढा."

तिनं दोरा ओढला, पेन ड्राइव्ह तिच्या मुठीत आला. साधनानं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

इथे मी माती खाल्ली. मला वाटलं, झालं, जिंकले. तर मागून कोणी तरी कुजबुजलं, "म्हंजे हिच्यातच शक्ती हाये रे बापा." माणसं बुधरीपासून दोन पावलं मागे सरकली.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग दर वेळी पेन ड्राइव्ह परत खोचून, मशीन बंद करून एकेकाला बोलावलं, आधी बापूजींनाच. त्यांनी दोरा ओढला, चालू झाला. पाया पडणाऱ्या म्हातारीनं ओढला, चालू झाला. सात-आठ जणांनी ओढून पाहिला आणि प्रत्येकाच्या हातून तोच चमत्कार झाला. तेव्हा कुठे लोक हसायला लागले. मग मी आतली सेटिंग सगळ्यांना दाखवली आणि बंद खोलीतलं शुद्धीकरण समजावून सांगितलं.

"आन दुपारचं?" बापूजींनी विचारलं.

मी बुधरीला साधनाच्या नवऱ्यासोबत, आदेशसोबत, पार तळ्यापर्यंत पाठवलं आणि साधनाला शाल टाकायला सांगितली. बुधरी तिकडे तळ्यावर, आणि कॉम्प्युटर इकडे अडला. मग झाकण उघडून सगळ्यांना आतला कोंडा दाखवला, झाडला, शाल बापूजींच्या खांद्यावर ठेवली. बुधरी परत आली आणि खिडकीखाली पाखडायला बसली. अर्धा तास झाला तरी काही अडलं नाही. तेवढ्यात मी सुरू होतानाच उठणारे बारा फालतू प्रोग्रॅमही बंद केले. उशिरा सुरू व्हायचं मूळ दुखणं ते होतं.

रामाजी चपला शोधत होता. त्या बापूजींच्या हातात होत्या.

"मले फसवलं ते जाऊ द्या," बापूजी म्हणाले. "माह्या ओसरीवर बसून एका बाईले चेटकीन केलं तुमी."

पोलिसांची गाडी आली. बाईला चेटकीण ठरवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, त्यासाठी वेगळा कायदा आहे. तक्रार मी लिहिली, सह्या साधनानं आणि बापूजींनी केल्या. रामाजी गाडीत चढताना माझ्याकडे पाहत होता. मी अनसचं नाव दोनदा सांगितलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आता तरी लक्षात ठेवशील, म्हटलं.

गाडी गेल्यावर बापूजी बुधरीपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलं वो बाई. उद्या ये कामाले."

बुधरीनं सूप झटकलं आणि त्यांना उत्तर न देता माझ्याकडे वळली. "एक सांग वो नाहीदबाई. हा डब्बा तुले बी समजला नसता, त मी कोन असतो? चेटकीनच न?"

मी सूड घेण्याच्या नादात एका मशीनच्या साक्षीवर त्या बाईला सोडवलं होतं. मशीन बोललं म्हणून ती सुटली. नसतं बोललं तर चारच्या ठोक्याला हेच हसणारे लोक तिला शिवेपर्यंत पोचवून आले असते, आणि 'मला हे समजलं नाही' म्हणायला लाजणारी मीही त्यांच्यात उभी असते. बुधरी सूप काखेत मारून आपल्या घराकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही. साधना तिच्या घरी जाऊन बसली, आठ दिवस रोज जात राहिली, तेव्हा आली.

म्हणून हे लिहिते आहे. कॉम्प्युटर अडला तर आधी झाकण उघडा, धूळ झाडा, मागे खोचलेलं काढून पाहा. साप चावला तर दोरा बांधू नका, गाडी काढा आणि सरळ दवाखाना गाठा. आणि कधी सगळं करूनही काही कळलं नाही, तर 'मले नाई समजलं' एवढंच म्हणा. ते म्हणायला लाज वाटायचं काही कारण नाही. कारण सापडलं नाही याचा अर्थ ते अजून सापडलेलं नाही, एवढाच. तोवर शेजारची बाई शेजारची बाईच असते, आणि तिला तिच्या घरात राहू द्यायचं असतं.