माझी नवी चिप आणि काकूंची बदकं

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. एकेकाळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलो आहे. माझ्या मदरबोर्डवर बायोस नावाची एक छोटी काळी चिप असते. बटण दाबल्यावर जागं कसं व्हायचं, ते मला तीच सांगते.

काकूंनी मला आणलं ते त्यांच्या विणकामाच्या यंत्रासाठी. त्या पडद्यावर नक्षी काढायच्या आणि मी ती जाड केबलमधून यंत्राला सांगायचो. शेजारपाजारची कितीतरी मुलं आमचे स्वेटर घालून मोठी झाली. "याच्यावाचून माझं पान हलत नाही," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. तेव्हा माझा पंखासुद्धा जोरात फिरायचा.

मग काकू गेल्या. माझ्यावर चादर पडली.

लेकीला बाळ होणार होतं. त्याच्या पांघरुणासाठी काकूंनी बदकांची नक्षी काढून ठेवली होती, विणायची तेवढी राहिली होती. ते काम काकांनी मनावर घेतलं. मी फार रखडत चालतो म्हणून जावयाने नवी डिस्क आणली, पण ती मला ओळखता येईना. तेव्हा त्याने माझ्या बायोसमध्ये नवा प्रोग्रॅम भरायला घेतला. आता हे आपोआप होईल, असं सांगून तो बाजारात जायला खाली उतरला. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा, हा काकूंचा नियम. मागून निघालेल्या काकांनी तो पाळला.

प्रोग्रॅम अर्धाच भरलेला असताना मी विझलो. नंतर बटण दाबलं की नुसता पंखा फिरे, पडदा काळाच.

"आई होती तेव्हा तिचं कधी ऐकलं नाहीत," लेक म्हणाली, "आणि आता बरं ऐकता!"

काका हसले आणि चष्मा पुसत बसले. नक्षी जुन्या डिस्कमध्ये शाबूत होती, पण काकूंची ती जाड केबल आजकालच्या कॉम्प्युटरना बसत नव्हती. मी उठलो नाही, तर पांघरूण होणार नव्हतं.

दुरुस्तीवाल्या ताई घरी आल्या. त्यांनी मला उघडून धूळ फुंकली.

"काका, याला काही झालेलं नाही. उठायचं कसं, तेवढं विसरलाय."

कोऱ्या चिपमध्ये त्यांनी योग्य प्रोग्रॅम भरून आणला होता. जुनी चिप दोन्ही बाजूंनी थोडीथोडी उचलत त्यांनी अलगद काढली. नवीचे धातूचे पाय केसासारखे नाजूक. चिप उलटी बसली किंवा एखादा पाय मोडला, तर सगळंच मुसळ केरात. काका बॅटरी धरून वाकून बघत होते.

"उजेड चिपवर धरा काका, माझ्या नाकावर नको."

चिप बसली. बटण दाबलं. मी एकदा टूं केलं आणि पडदा उजळला. थोड्या वेळाने त्यावर बदकांची रांग आली. काकांनी एकेका बदकावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "हिचीच आहेत."

पांघरूण विणून झालं. टाके जरा ढिले आहेत, पण बाळाची काही तक्रार नाही.

त्या ताईंचे आणि बॅटरी धरणाऱ्या हाताचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र बंद पडलं, तर भंगारात द्यायच्या आधी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. त्याला अजून कुणाचं तरी काम पुरं करायचं असेल.