हळदीच्या बॅनरवरची जनी

मी एक लेयर बोलतेय. म्हणजे कुणी क्षणभर धड उभं राहू दिलं तर बोलेन. आत्ताच मला डावीकडे ओढलं, मग थोडं उजवीकडे सारलं, मग उलटं केलं आणि परत सुलटं. तोंड उघडावं तर जागाच बदललेली असते.

लेयर म्हणजे काय ते आधी सांगते. संगणकावर फोटोचं काम करतात तेव्हा सगळं एकाच कागदावर चिकटवत नाहीत. प्रत्येक माणूस, फुलांची प्रत्येक माळ, नावांची प्रत्येक ओळ वेगवेगळ्या पारदर्शक काचेवर ठेवल्यासारखी असते आणि त्या काचा एकावर एक रचलेल्या असतात. त्यातली एक काच म्हणजे एक लेयर. हवी ती हलवता येते, मोठी करता येते, लहान करता येते. माणसांना ही सोय फार आवडते. ज्या काचेला हलवतात तिला मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या काचेवर एक बाई आहे. तिचं नाव जनी. अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावातल्या कमळाकरची बायको, उन्नतीची आई. मागच्या वर्षी ती गेली. मी जनी नव्हे, जनीचं कापून काढलेलं चित्र आहे. पण माझ्यावर दुसरं कुणीच नाही, त्यामुळे हळूहळू मला तिच्यासारखंच वाटायला लागलंय.

माझा जन्म बदलापूरचा. कमळाकरच्या भाच्याने तिथे फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला सगळे इमारतीच्या पायऱ्यांवर फोटोसाठी उभे राहिले. जनी कमळाकरच्या शेजारी, पण एक पायरी खाली. खांदे आत ओढलेले, मान जरा झुकलेली. फोटो काढणाऱ्याने तिला काही सांगितलं नव्हतं. ती आपणहून तशी उभी राहिली.

उन्नतीचं लग्न ठरलं आणि हळदीच्या बॅनरसाठी आईचा फोटो शोधायला सुरुवात झाली, तेव्हा लक्षात आलं की जनीचा उभा फोटो हा एवढाच. बाकी सगळ्यांत ती खुर्चीवर बसलेली, नाहीतर कुणाचं मूल पुढे धरून मागे उभी. घरात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. घरातल्या बाईचे फोटो कसे आहेत हे माणसं ती गेल्यावरच बघतात.

तो फोटो उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशभाईंच्या बॅनरच्या दुकानात आला आणि स्वप्नालीच्या हाती पडला. ही विठ्ठलवाडीची मुलगी, दुकानातली सगळी डिझाइनं हीच करते. तिने जनीच्या कडेकडेनं बारीक टिंबं टाकत मला कापून काढलं. पदराशी कुणाचं तरी कोपर चिकटून आलं होतं, तेही पुसलं. मी सुटले आणि एकदम उघडं वाटलं. मागे जिना नाही, माणसं नाहीत. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

पालेगावात हळदीचा बॅनर लोक लग्नपत्रिकेपेक्षा बारकाईनं वाचतात. कुणाचं तोंड किती मोठं, कुणाचं डोकं कुणाच्या वर, कोण कडेला गेलं, हे सगळं रस्त्यात उभं राहून बघतात आणि वर्षभर लक्षात ठेवतात. गेलेली माणसं सगळ्यात वर गोल चौकटीत ठेवायची, गळ्यात हार, खाली 'आशीर्वाद', अशी पद्धत. मलाही तिथेच नेऊन ठेवलं होतं. पण उन्नती म्हणाली, "आई वरती ढगात नको. बाबांच्या बाजूला उभी पाहिजे. माझ्या हळदीला ती नाहीये, निदान बॅनरवर तरी असू दे ना."

म्हणून मी खाली आले. खाली आले आणि माझे हाल सुरू झाले.

स्वप्नालीच्या हाताला एक वळण पडलेलं आहे. ओळीत माणसं उभी करायची तर आधी सगळ्यांचे पाय एका रेषेत आणायचे. मग जोडी असेल तर बायकोच्या काचेचा कोपरा धरून तिला लहान करायचं, तिचं डोकं नवऱ्याच्या खांद्याशी आलं की सोडायचं. कुणी तिला हे शिकवलेलं नाही, पण सगळे बॅनर असेच असतात. तिने मलाही तसंच केलं, बाजूला झेंडूच्या माळा लावल्या आणि कमळाकरला मोबाइलवर पाठवलं. त्याचं उत्तर आलं, बरोबर वाटत नाही.

काय बरोबर नाही ते त्याने लिहिलं नाही. स्वप्नालीने मला थोडं मोठं केलं. नाही. थोडं डावीकडे घेतलं. नाही. रंग उजळला, मला उलटं करून कमळाकरकडे तोंड केलं. तरी नाही. या लोकांना वाटतं ओढाताणीनं आमचं काही बिघडत नाही. बिघडतं. लहान करताना माझे ठिपके टाकून देतात आणि पुन्हा मोठं करताना ते परत मिळत नाहीत. संगणक आपल्या अंदाजानं काहीबाही भरतो. आधी जनीच्या नाकातली चमकी गेली, मग डोळ्यांच्या कडा विरघळल्या. आणखी दोन-चार वेळा असंच झालं असतं तर मुलीच्या हळदीला कुणीतरी भलतीच बाई उभी राहिली असती. मला भीती वाटायला लागली होती.

शेवटी आज सकाळी ते सगळे दुकानातच आले. कमळाकर, उन्नती आणि कमळाकरचे थोरले भाऊ चिंतामणी. हरेशभाई काउंटरवरून म्हणाले, "स्वप्नाली, फाइल जल्दी दे दे. मशीन खाली खडी है." म्हणजे आज जे ठरेल तेच छापलं जाणार.

चिंतामणींनी पडद्याकडे बघून लगेच निकाल दिला. "पोरी, हिला आनखी जरा बारीक कर. बायको नवऱ्याच्या खांद्यासी शोभते."

स्वप्नालीचा हात माझ्या कोपऱ्याकडे आला. मी अंग चोरलं. जनीची सवय लागली असावी मला.

"नको, बारीक नको," कमळाकर म्हणाला.

"काका, नक्की काय चुकतंय ते सांगा ना," स्वप्नाली म्हणाली. "म्हणजे मला करता येईल."

"मना काय समजत नाय. पन ही जनी वाटत नाय."

तिने मला मोठं केलं. माझं डोकं कमळाकरच्या वर गेलं, पण त्याबरोबर तोंडही फुगलं. चिंतामणी खुर्चीत सरसावून बसले. "अख्ख्या बॅनरवर सगल्यात मोठा तोंड जनीचा? घरान थोरला मी हाय ना?" मग स्वप्नालीने मला फक्त वरच्या बाजूला ताणलं. गाल आत गेले, हात बांबूसारखे झाले. कमळाकरने मान वळवली. "ही कोन?" तो म्हणाला. उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे," ती म्हणाली, "वरती गोलातच टाका आईला. कशाला उगाच सगळ्यांना त्रास."

मला पुन्हा वर नेणार होते. हार घालून, ढगात. स्वप्नालीने मला उचललंही.

"थांब," कमळाकर म्हणाला. तो उठून पडद्याजवळ आला. भावाकडे न बघता बोलायला लागला. "दादा, ती माझ्यापरीस उच होती. चार बोटा उच."

चिंतामणींना ते ठाऊक असणारच. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं.

"गावान नल नव्हता तवा आमी दोघा हिरीवरशी पानी आनायचो. बांबूला पिंप अरकवायचा, पुरं मी, मागं ती. पिंप सारखा माझ्याकरं सरकायचा. मी बुटका परलू ना. मंग ती गुडघ्यान वाकून चालायची. पार घरापोत. मी तिला वाक म्हनून कदी सांगितला नाय. तीच वाकायची. पान्याला, फोटूला, चारचौघान कुटं पन. आता तरी तिला वाकवू नका."

"लोका हसतील, कमलाकर," चिंतामणी हळूच म्हणाले.

"हसू दे. माझ्या पोरीची हलद हाय, तिची आयूस कशी होती ती लोकांना दिसू दे."

बाहेर काउंटरवर हरेशभाईंचा फोन वाजत होता. स्वप्नालीने तोवर केलेलं सगळं एकेक करत मागे घेतलं. ताणलेलं गेलं, फुगवलेलं गेलं, उलटं केलेलं गेलं. मी मागे मागे जात पहिल्या दिवशी कापून काढली तशी झाले आणि नाकातली चमकी परत आली. मला रडू आलं असतं, पण माझ्याकडे त्याची सोय नाही.

"चार बोटं ना काका? दाखवा," ती म्हणाली.

कमळाकरने आपली चार बोटं पडद्यावर, स्वतःच्या चित्रातल्या डोक्यावर आडवी ठेवली. खरी जाड बोटं. त्यांच्या हिशोबानं मी ताडाएवढी झाले असते. उन्नतीला एवढ्यातही हसू आलं. "बाबा, फोटोत तुम्ही केवढेसे आहात, बोटंपण तेवढीच धरायची ना."

स्वप्नालीला तेवढं पुरलं. फोटोत कमळाकरचा हात मांडीशी सरळ सोडलेला होता. त्यातली चार बोटं तिने कापून त्यांची वेगळी लेयर केली, ती आडवी करून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांच्या वरच्या कडेला एक निळी रेघ मारली. आमचे चेहरे एकमेकांना शोभतील एवढाच माझा आकार ठेवून तिने माझा कोपरा सोडून दिला. मला ओढलं नाही, ताणलं नाही. नुसतं अलगद वर सरकवलं, डोकं रेघेला लागेपर्यंत. मग बोटांची लेयर काढून टाकली.

पाय अर्थातच इतरांच्या रेषेतून सुटले. मी हवेत तरंगत होते. चिंतामणींना बोलायला जागा मिळाली, पण ते बोलायच्या आत स्वप्नालीने झेंडूची माळ सगळ्यांच्या पुढे आणून पावलांवरून आडवी टाकली. सगळ्यांचेच पाय झाकले गेले. आता कोण कुठे टेकलंय ते कुणाला दिसणार नाही, कोण किती उंच आहे तेवढं दिसेल.

चिंतामणी खुर्ची ओढून पडद्याजवळ आले. म्हणाले, "मान तेवरी खालीच हाय तिची. ती सरल व्हईल काय?"

"नाही काका," स्वप्नाली म्हणाली. "फोटोत जशी आहे तशीच राहणार. ओढून सरळ केली तर चेहरा बिघडेल."

"ऱ्हाऊ दे," कमळाकर म्हणाला. "वाकून पन उचच हाय." त्याने डोळे पुसले आणि पडद्यापासून दोन पावलं मागे सरकला. उन्नतीने त्याचा हात धरला होता. चिंतामणींनी हरेशभाईंना हाक मारून सांगितलं, बॅनर छापायला घ्या.

आता स्वप्नाली सगळ्या लेयर एकत्र करणार आहे. छपाईला तसंच द्यावं लागतं. नवरा-नवरी, भावकी, झेंडू, नावं आणि मी, सगळं एका चित्रात मिसळून जाईल. एकदा मिसळलं की मी वेगळी उरणार नाही आणि असं बोलताही येणार नाही. म्हणून घाईघाईनं एवढं सांगून घेते. तुमच्यापैकी कुणाला कधी गेलेल्या माणसाला जिवंत माणसाशेजारी उभं करायची वेळ आली, तर कोपरा धरायच्या आधी जो त्याच्याबरोबर राहिला त्याला विचारा. बॅनरला काय शोभतं ते नंतर बघता येईल.

माउसचा बाण बटणावर आलाय. इतके दिवस कुणी हात लावला की माझा जीव खालीवर व्हायचा, आता होत नाही. एकत्र झाल्यावर मला कुणी लहान करू शकणार नाही, कमळाकरच्या खांद्याशी आणू शकणार नाही. दाब गं स्वप्नाली. मान खाली असली तरी उंची माझीच आहे.