जखमेपुरता नेम

जतनबाईंनी आरसा जमिनीवर तिरपा ठेवला, नवऱ्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यावर धरला आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत सगळा तळवा सावकाश वाचून काढला.

“भरली,” त्या म्हणाल्या.

“सगळी?”

“सगळी. नवी कातडी आली. गुलाबी हाय.”

चंपालालजींनी पाय लगेच खाली घेतला नाही. तीन महिने वाट बघून मिळालेली बातमी होती. ती पाय वर ठेवूनच नीट ऐकण्यासारखी होती.

“मंग लापशी टाक,” ते म्हणाले. “तुपाले हात आखडू नको. आन् जगदेव पाटलाले सांगावा धाड, म्हणा आज माह्या नेमाचं पारणं हाय.”

हे सगळं १९३६ सालच्या आषाढात सुरू झालं होतं. केनवडच्या आपल्या किराणा दुकानातून घरी येताना चंपालालजींच्या वहाणेतला खिळा अंगठ्याच्या मुळाशी घुसला आणि त्यांना त्याचा पत्ता लागला नाही. ओसरीवर उमटलेली लाल पावलं बघून त्यांनी आधी घरात कोण येऊन गेलं याची चौकशी केली.

वाशीमच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी थेट भाजलेल्या विटेचा रंग आला.

“लघवीतून साखर चालली आहे,” डॉक्टर म्हणाले. “गोड बंद, भात बंद. जेवताना ज्वारीच्या दोनच भाकरी. रोज दोन मैल चालायचं. आणि पाय रोज बघायचा. दुखलेलं त्याला आता कळत नाही, तुम्ही डोळ्यांनी कळवून घ्या. नाहीतर दिवाळीपर्यंत अंगठा काढावा लागेल. आणि अंगठा गेला की गोष्ट तिथंच थांबत नाही.”

चंपालालजींनी चार दिवस ऐकलं. पाचव्या दिवसापासून, स्वतः चव घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला गूळ देणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटू लागलं.

जतनबाईंनी वाद घातला नाही. डॉक्टरांचं न ऐकायला त्या घरात कोणी भीत नव्हतं. साधूसाध्वींसमोर घेतलेला नेम मात्र तीन पिढ्यांत कोणी मोडला नव्हता. रिसोडला महासतीजींचा, म्हणजे मोठ्या जैन साध्वींचा, चातुर्मास होता. जतनबाईंनी दमणी जुंपायला लावली.

“गोड सोडायचं?” महासतीजींनी विचारलं. “जन्मभराचा नेम देऊ?”

आयुष्यात चंपालालजींनी समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव कधी मान्य केला नव्हता.

“जखम भरेपरेंत द्या,” ते हात जोडून म्हणाले.

तेवढा मिळाला. त्या दिवसापासून गावानं पहारा सुरू केला. गुळाची भेली फोडताना समोर चार गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी राहत. जगदेव पाटील तर गूळ घ्यायचा नसला तरी येऊन बसत.

“शेटजी, बोटं धोतराले पुसा,” ते म्हणत. “आमी पाहून राह्यलो.”

एकानं आपली दोन पोरं पाया पडायला आणली आणि बऱ्या पायाला हात लावायला सांगितलं. शेटजींच्या त्यागाची कीर्ती रिठदपर्यंत गेली. कीर्ती मोडवेना, म्हणून नेमही मोडवेना. नळीतला विटेचा रंग पिवळा झाला, मग हिरवा, आणि गेल्या खेपेला जवळजवळ निळाच राहिला.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “पण जखम भरली म्हणजे आजार गेला असं समजू नका. हे असंच पुढं चालवायचं.”

चंपालालजींनी यातलं ‘उत्तम’ तेवढं घरी आणलं.

पारण्याला जगदेव पाटील वेळेआधी आले. आल्याआल्या त्यांनी अंगठा बघायला मागितला.

“नवा बसवला का, शेटजी?”

“जुनाच हाय. टिकवला.”

“बरं झालं बाप्पा. आमीही पहाऱ्यातून सुटलो.”

पानं वाढली गेली. त्या घरची रीत अशी की, नेम सोडणाऱ्यानं पहिला घास घरच्या बाईच्या हातावर द्यायचा. तिनं तोंडात टाकला की मग आपण खायचं. चंपालालजींनी तुपात भिजलेल्या लापशीचा चांगला मोठा घास उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या जतनबाईंपुढे धरला.

जतनबाईंनी हात पुढे केला नाही.

“पाटलाले द्या,” त्या म्हणाल्या.

“रीत हाय. घे.”

“मले नेम हाय.”

“कायचा?”

“गोडाचा.”

तूप चंपालालजींच्या मनगटावरून कोपराकडे निघालं.

“कवापासून?”

“तुमच्याच दिवसापासून. तुमी तिकडं घेतला, मी इकडं बायकांत घेतला.”

“मंग झालं की. जखम भरली, तूही सुटली.”

“माह्या पायाले कुठं जखम होती?” जतनबाई म्हणाल्या. “मी मुदत कायची घालू? जन्मभराचा घेतला.”

जगदेव पाटलांनी पहिला घास घेतला होता. तो त्यांनी चावून पूर्ण केला.

“तरीच,” ते म्हणाले. “दर बजारले तुमी वैनीसाठी जिलेबी बांधून नेता, आन् ती आमच्या घरी काहून येते म्हणून मी इचारणार होतो. मंग म्हटलं, येऊन राह्यली तं येऊ द्या.”

दर बाजारच्या दिवशी तो पुडा बायकोच्या हाती देताना चंपालालजींना आपल्या मोठ्या मनाचं कौतुक वाटत आलं होतं. ती खाते की नाही हे बघायला मात्र ते कधी थांबले नव्हते. आता ते तिच्या पायांकडे बघत राहिले. अठ्ठावीस वर्षांत ते पाय त्यांनी नीट पाहिलेच नव्हते.

“तुले तं डॉक्टरनं काहीच सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

“तुमाले सांगितलं होतं. तुमी ऐकलं?”

चंपालालजींनी तो घास पाटलांच्या पानावर ठेवला आणि पाठोपाठ आपली लापशीची वाटीही सरकवली. उठून कोपरापर्यंत हात धुतला.

“महासतीजी रिसोडात कवापरेंत हायेत?”

“कार्तिकी पुनवेपरेंत,” जतनबाई म्हणाल्या.

“पाटील, जेवण झालं का दमणी जुंपू. तुमीही चला.”

“आता कायले रिसोडले?”

“जन्मभराचा नेम आषाढापासूनच धरता येते का, ते इचारतो,” चंपालालजी पुन्हा पानावर बसत म्हणाले. “आतापरेंत खाडा काही पडला नाही माहा.”