तक्रार निरंक

पालिकेत पहारेकऱ्याची एक जागा माजी सैनिकासाठी राखीव निघाली. लेखी झाली, धावणं झालं, दोन्हीत मी पहिला. मग डॉक्टरने डाव्या कानाशी घड्याळ धरलं आणि कागदावर लिहिलं, अनफिट.

घड्याळ कुठलं ऐकू येणार? नव्याण्णव साली कारगिलच्या लढाईत द्रासला तोफेच्या उजव्या अंगाला उभं राहायची माझी ड्यूटी होती. डावा कान तिथेच गेला.

सैनिक कल्याण कार्यालयातल्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, "बबनराव, लढाईत अपंग झालेल्याला नियमात सूट आहे. असं हाकलता येत नाही कोणाला. फक्त डिस्चार्ज बुकातली कानाची नोंद दाखवा."

बुक उघडलं. तक्रार: निल. खाली माझीच सही.

फौजेतून सुटण्याआधी मेडिकल होतं तेव्हा आमचा हवालदार रांगेत बजावत फिरत होता, "तकलीफ सांगाल तर दोन महिने हॉस्पिटलात सडाल. घर जाना है ना?" सतरा वर्षं नोकरी केलेले आम्ही अकरा जण होतो. एकाचा गुडघा गेलेला, एकाला रक्तदाब. अकराच्या अकरा ओरडलो, "सब ठीक है, साब!" फौजेत कण्हणाऱ्याला लाज वाटते, ती अंगात मुरलेली. त्यात बदलापूर गावात आई, सुंदराबाई, अंथरुणाला खिळलेली. मला तिच्यापाशी पोचायचं होतं. पोचलो. चार महिन्यांनी ती गेली. आता सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगीत मी एकटा. माझ्या मजल्यावर बाकीच्या तिन्ही दारांना कुलपं.

मला पेन्शन पुरतं. मला जायला जागा हवी होती. सकाळी कुणीतरी हजेरी घ्यायला हवी होती.

पालिकेतल्या हिंदुराव क्लार्कसमोर सूट मिळावी म्हणून अर्ज ठेवला.

"बहिरा वॉचमन? चोर डावीकडून आला तर?" म्हणाला आणि शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. "पेन्शन आहे ना तुम्हाला? घरी बसा, टीव्ही बघा मस्त."

"वर्षभर तेच करतोय. टीव्हीशी किती बोलू?"

"मग कान गेला तेव्हाच बोलायचं होतं. सही तुमचीच ना?"

"माझीच. ती खोटी आहे, तेही माझंच म्हणणं. लिहून आणलंय. शिक्का मारा."

"अहो, उपयोग नाही त्याचा."

"उपयोग मी बघतो. तुम्ही पोच द्या."

शिक्का त्याने असा मारला की टेबल हललं. मला तो नीट ऐकू आला, उजव्या कानाने.

पुढचे तीन आठवडे रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पालिकेत जायचो. बाकड्यावर बसायचो. शिपाई शंकर आधी चहा विचारायचा. मग विचारेनासा झाला.

बाविसाव्या दिवशी त्यानेच बोर्डावर यादी चिकटवली. मी जवळ गेलो. लिपिक, सफाई, शिपाई, सगळ्यांसमोर नावं होती. पहारेकरी, माजी सैनिक यासमोर लिहिलं होतं: पात्र उमेदवार उपलब्ध नाही, जागा खुल्या प्रवर्गातून भरण्यात येईल.

मी खिशातलं पेन काढलं. त्या ओळीखाली माझा फौजेतला नंबर लिहिला, नाव लिहिलं, सोनिवलीचा पत्ता लिहिला.

"ओ काका! बोर्डावर लिहू नका," शंकर धावत आला.

"उपलब्ध आहे ते लिहितोय," मी म्हणालो आणि पत्त्याखाली सही केली.

त्याने माझ्यादेखत कागद उतरवला आणि नवीन कॉपी आणायला आत गेला.