स्वतःचं कौतुक करायची तालीम

अलाबामातल्या लष्करी डेपोत हॉलिस टॅकेट जनरेटर दुरुस्त करायचा. तो लष्करात नव्हता, पण नोकरी सरकारी होती आणि ती करण्यातच त्याचे केस पिकले होते. इतकी वर्षं पगार नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढायचा. आता वॉशिंग्टनहून नव्या नियमांचा प्रस्ताव आला होता. पगारवाढ कामगिरीवर मिळणार, आणि कामगिरी ज्याची त्याने साहेबांपुढे सांगायची.

नियम अजून लागू नव्हते म्हणून डेपोने त्यांची तालीम ठेवली. तालमीत पगारवाढ म्हणून वाटायचे पैसे खोटे होते, पण सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यापुढे लवकर निवृत्तीचा कागद ठेवणार, ही बातमी खरी होती.

हॉलिसला निवृत्ती नको होती. त्याची बायको लोरेन वारल्यापासून घरात टीव्हीशिवाय कोणी बोलत नव्हतं. डेपोत निदान शेजारच्या टेबलावर ओडेसा प्रुइट होती.

"काय सांगणार आहेस?" ओडेसाने विचारलं.

"काम करतो म्हणून सांगेन."

"एवढंच? मी तर सांगणार, मी या डेपोचा कणा आहे."

"परवा तर कंबर धरून बसली होतीस."

"गप रे, म्हाताऱ्या! स्वतःबद्दल चार चांगले शब्द बोल की."

"आमच्या चर्चमध्ये तसं शिकवत नाहीत. आणि वर्षाअखेरीला जे काही लिहावं लागायचं, ते लोरेन लिहायची."

ओडेसाने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाली, "मग लोरेन तुझ्याबद्दल काय म्हणायची, तेवढं सांग."

तालमीच्या दिवशी साहेब कर्बी डोनट्सचा खोका घेऊन बसले होते. पहिला उठला त्यांच्याच विभागातला वेंडेल.

"मी काम वाढवलं," तो म्हणाला.

"कसं?"

"उत्साहाने."

एवढं बोलून त्याने दुसरा डोनट उचलला. ओडेसा उठली, डेपोचा कणा झाली आणि खाली बसली. मग हॉलिस उठला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"माझी बायको म्हणायची, हा माणूस साऱ्या फौजेचे दिवे लावतो, आणि आमच्या स्वयंपाकघरातला दिवा वर्षभर लुकलुकतोय. मी हाक मारली तर याला ऐकू येत नाही, पण रस्त्यापलीकडे इंजिन खोकलं की झोपेतून उठतो. नाताळला डेपोचा फोन आला, तर पानावरची टर्की टाकून पळाला. निवृत्त झाला तर दिवसभर माझ्या पायात पायात येईल. सरकारला सांगा, सत्तरीपर्यंत तुमच्याकडेच ठेवा."

तो खाली बसला.

"हॉलिस, ही तर तक्रार झाली," कर्बी म्हणाले. "कामगिरी कुठे आहे?"

"हीच ती!" ओडेसा म्हणाली. "अलाबामातली कुठली बायको नवऱ्याचं याहून जास्त कौतुक करते, सांगा!"

कर्बींच्या घरीही बायको होती. ते विचारात पडले.

"नाताळचं खरं आहे?"

"मी होते ना तिथे. टर्कीची तंगडी खिशात घालून आला होता. जनरेटर सुरू केला, मग ती खाल्ली. मला विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं होतं," हॉलिस म्हणाला. "तू म्हणालीस, खिशातलं नको."

सगळ्यांत कमी गुण वेंडेलला मिळाले. कर्बींनी चाचरत त्याच्यापुढे कागद ठेवला, तर त्याने शर्टाच्या खिशातून पेन काढलंच. "इतका वेळ लावलात! नदीवर मासे माझी वाट बघतायत." उत्साह म्हणजे काय, ते साहेबांना तेव्हा दिसलं.

हॉलिस घरी आला. येताना त्याने नवा बल्ब आणला होता. स्वयंपाकघरात स्टूल ठेवलं, वर चढला, लुकलुकणाऱ्या दिव्याला हात लावला आणि तसाच उभा राहिला.

पुढच्या वर्षी पुन्हा सांगावं लागलं तर? तिने तक्रार करावी असं घरात आता दुसरं काय उरलं होतं?

तो खाली उतरला. बल्ब कपाटात ठेवला आणि त्या लुकलुकत्या उजेडात जेवायला बसला.