मागे खाट हलवणे चालू आहे

उर्वशीने कम्प्युटरवर बनवलेल्या कार्टूनमध्ये एक रोहू मासा तलावातून उडी मारून धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतात, आणि बांधीतून थेट बाजारात पोचतो. तीन देखावे, दोन मिनिटे. सिहोऱ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकाआधी ते दाखवायचे ठरले. नाटक मंडळाचे अध्यक्ष लिलाधर यांनी अट घातली, "एकबी मानूस उठला का मी बंद करीन. मंग रडू नोको."

देखावे रंगवले केवळराममामाने. तो पंचवीस वर्षे नाटकांचे पडदे रंगवतो, त्यामुळे तलावाला राजवाड्याचे खांब आले. उर्वशीने ते राहू दिले. मामा आहे.

वाद पेटला तो देखावा बदलण्यावरून. उर्वशीने तिथे क्षणभर अंधार ठेवला होता. घरी दाखवले, तर अंधार होताच तिची आई मंदाबाई "लाइन गेली" म्हणत मेणबत्ती आणायला उठली.

"पायलं?" केवळराम म्हणाला. "अंधार झाला का मानूस उठते, पडदा पडला का बसते. पडदा पाड. त्याच्यापुढं दोन विनोदी गडी ठेव. मागं खाट हलवाले टाइम नाई लागत का?"

"मामाजी, कम्प्युटरमंदी खाट नाई आहे."

"हे लोकायले मालूम आहे का?"

उर्वशी कम्प्युटरपुढे बसली. पडदा आला, लाल, खाली सोनेरी झालर. विनोदी गडी मात्र दोन मिनिटांत बसेनात, म्हणून कापले. मामा रुसला.

मंडईत रोहूने पहिली उडी मारली, पडदा पडला आणि लॅपटॉप हँग झाला.

उर्वशी दिसेल ते बटण दाबत सुटली. एक मिनिट गेले, चार गेले. कोणी उठेना. लोक शेंगा सोलत बसले होते.

"मोठा सीन दिसते," मागून कोणी बोलले. "लावाले टाइम लागनच."

सातव्या मिनिटाला मामाचा रुसवा सुटला. पडद्यापुढे जाऊन कापलेले दोन्ही गडी तो एकटाच करू लागला. लोक खो-खो हसले. शेवटी लिलाधरच वैतागून उठले.

"ओ अध्यक्ष, खाली बसा ना! दिसून नाई राहिलं!"

अध्यक्ष बसले. स्वतःची अट त्यांनी पुन्हा काढली नाही. अकराव्या मिनिटाला पडदा वर गेला, रोहू बांधीत पडला, मग बाजारात पोचला. टाळ्या पडल्या.

मग नाटक सुरू झाले. पहिला अंक संपून पडदा पडला, तेव्हा शेंगा सोलता सोलता कोणीतरी म्हणाले, "आता मासा लावून राहिले असन."