देवघरातला काटेरी पाहुणा

या भिया, बसा. चप्पल राहू द्या तिथंच, कोणी नेत नाही. चहा येईपर्यंत एक किस्सा सांगतो. याच गल्लीतला आहे, आणि असा आहे की चहा गार होईल पण तुम्ही उठणार नाही.

मिलला टाळं लागलं त्या हिवाळ्याची गोष्ट. समोरच्या घरातले लक्ष्मणराव मिलमध्ये लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. सगळी उमर त्या खटखटीत गेली, आता एकदम सन्नाटा. बाकीचे लोक काही ना काही धंद्याला लागले. कोणी पलासियाला एसटीडी बूथ टाकला, कोणी ऑटो घेतली. लक्ष्मणराव मात्र सकाळी आंघोळ करून, बूट घालून तयार व्हायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. बायको त्यांची, मंगलाकाकू, म्हणायची, "बूट तरी काढा हो. बसून बसून झिजतील."

अशात महूहून त्यांची भाची सोनल आली. तिचा नवरा फौजेत, बदली झालेली पार वर, बर्फात. सोनलच्या हातात एक छोटी कुंडी, कुंडीत कॅक्टस. लिंबाएवढा गोळा, त्यावर पांढरे काटे, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे.

"मामा, याला थंडी अजिबात चालत नाही. तिकडे नेला तर गेलाच समजा. जगला तर होळीच्या आधी फुलं येतात. आणि पाणी कमी द्या हं."

"अगं, चार-चार लूम सांभाळल्या मी. हे काय, लिंबू!"

मंगलाकाकूनं कपाळाला हात लावला. "काटेरी झाड घरात? घरात भांडणं लागतात म्हणतात."

"आपली लागायला झाड कशाला पाहिजे?" लक्ष्मणराव बोलले आणि कुंडी आत घेऊन गेले.

आता बघा गडबड कशी झाली. लूमवरच्या माणसाला एकच गोष्ट पक्की ठाऊक, की हवा ओली पाहिजे. विणाई खात्यात फवारे चालतात, भर उन्हाळ्यात पण भिंती घाम गाळतात, कारण हवा सुकली की सूत तडातड तुटतं. लक्ष्मणरावांनी पाणी कमीच दिलं, सोनलनं सांगितलं तसं. पण हवा ओली ठेवली! कुंडीभोवती ओलं फडकं, दिवसातून दहा वेळा फुर्र फुर्र फवारा. झाड खुश असणार, असा त्यांचा हिशोब.

एक दिवस अंगठ्यानं दाबून पाहिलं तर गोळा एका बाजूनं मऊ, पिकल्या चिकूसारखा. माणूस पांढरा पडला. मिल गेली ती मालकांच्या हातानं, पण हे झाड तर लक्ष्मणरावांच्या स्वतःच्या हातानं चाललं होतं. फडकं भिरकावलं, चाकूनं सडका भाग कोरून काढला आणि त्या खळग्यात हळद भरली. आता पाहिजे होती गरम आणि कोरडी जागा. सगळ्या भिंतींना हात लावत घरभर फिरले. सगळ्या गार. गरम निघाली एकच, देवघराची. त्या भिंतीच्या पलीकडे गोपीनाथची शेवेची भट्टी, सकाळपासून पेटलेली.

झालं! झाड बसलं कोनाड्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी.

काकू पूजेला गेली आणि किंचाळली. खूप बोलणं झालं. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार. देवात काटे दिसले तर मला तोंड दाखवायला जागा नाही. त्या दिवशी हे बाहेर, आणि मग परत आत नाही. सांगून ठेवते."

आणि हळदीकुंकवाच्या दिवशीच नेमकी अशी थंडी पडली भिया, की देपालपूरला उभा हरभरा जळाला. लक्ष्मणरावांनी कुंडी उचलली, पोटाशी धरली, वरून शाल गुंडाळली आणि वाऱ्याकडे पाठ करून ओट्यावर बसले. काटे बनियनमधून टोचत होते. हलायची सोय नव्हती.

बायका येऊ लागल्या. शुभदाबाई, आपल्या कोपऱ्यावरच्या, थांबल्याच. "काय हो भावजी, पोट दुखतंय?"

"नाही नाही, मस्त आहे. आई गं!"

शुभदाबाई आत जाऊन म्हणतात, "मंगलाताई, भावजींचं काही खरं नाही हं. मिल बंद झाली तेव्हापासून पाहते मी. आता तर पोटाशी काही धरून त्याच्याशी बोलतात. कोणाला तरी दाखवा." बाकीच्या बायका च्च, च्च.

काकूच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिनं खिडकीतून पाहिलं. नवरा शालीत तोंड घालून फुंकर मारत होता, ऊब द्यायला, जसं तान्ह्या लेकराला देतात. टाळं लागल्यापासून या माणसानं कशासाठी एवढी धडपड केलेली तिनं पाहिली नव्हती.

बाहेर आली. "उठा."

"अगं, बायका जाऊ दे, मग मी गोपीनाथला विचारतो..."

"उठा म्हणते ना. आणा ती कुंडी."

लक्ष्मणरावांना वाटलं, गेली नालीत. डोळे मिटूनच दिली त्यांनी.

काकू कुंडी घेऊन सरळ बायकांच्या मधून आत गेली. अन्नपूर्णेला थोडं सरकवलं, कुंडी गरम भिंतीला टेकवली, तिला हळद लावली, कुंकू लावलं आणि वळली. "शुभदा, यांचं डोकं एकदम ठिकाणावर आहे. हे आमच्याकडे आलेलं पाहुणं आहे, त्याला थंडी सोसत नाही. आणि काट्यांचं म्हणशील, तर तुझ्या जिभेपेक्षा कमीच आहेत. घे, तिळगूळ घे नि गोड बोल."

अशा हसल्या बायका, की गोपीनाथ झारा घेऊन पळत आला, काय झालं म्हणून.

होळीच्या आधी फुलं आली. त्या गोळ्याच्या डोक्यावर गुलाबी बारीक फुलांचा गोल, जसा अंबाड्यावर गजरा. उन्हात उमलायची, संध्याकाळी मिटायची. गल्ली लोटली बघायला. शुभदाबाई सगळ्यांत पुढे, "मी म्हटलंच होतं!"

आज त्या झाडाच्या बुडाशी भोत पिल्लं आहेत, आणि चौकीदारी काकूची. लक्ष्मणराव देतील हो, पण ती देऊ देत नाही. मी दोनदा मागितलं, तर म्हणते, "तुमच्या घराला भट्टीची भिंत आहे का? थंडीत मारून टाकाल."

तुम्ही पाहुणे माणूस, तुम्हाला नाही म्हणायची नाही ती. चहा संपवा, समोर जा आणि माझ्यासाठी एक पिल्लू मागून आणा ना भिया. फक्त माझं नाव नका काढू.